नखानं काढलेला हुकूम

"पाणी लावायचं न्हाई. नखानं काढ."

शेठ खुर्चीवर बसून म्हणाले. खुर्ची खास ऑफिसातून शेडमध्ये आणवली होती. त्यांच्या मागं मुकादम उभा. भिंतीला लागून अठ्ठावीस बाया. एकोणतिसावी मी. मी स्टार्टरच्या लोखंडी पेटीसमोर उभी होते आणि पेटीच्या दारावर सरकारचा कागद चिकटवलेला होता.

"ज्या हातानं दरखास्त लिहिलीस ना, त्याच हातानं काढायचा. सगळ्यांच्या समोर. म्हणजे पुन्हा कुणाला लिहायची खाज सुटायची न्हाई."

बायांतलं कुणीतरी हसलं. बहुतेक वर जीनवर काम करणारी असेल. आमच्यातली पण असेल.

"तुमच्या लोकांना कागदाची लय हौस," शेठ म्हणाले. "चार अक्षरं आली की निघाले अर्ज करायला. बघू आता, काढायला किती येळ लागतो."

मी वरच्या कोपऱ्याला नख लावलं. खळ वाळून दगड झाली होती. कागदाची एक बारीक पट्टी निघाली आणि तिच्याबरोबर नखाचा तुकडा. भिंतीपाशी माझी माय उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती. चार दिवसांपासून ती माझ्याशी बोलतच नव्हती.

आधी मिल सांगते. त्याशिवाय कागद समजायचा नाही.

मानवतच्या कडेला आमची जिनिंग मिल. आमची म्हणजे शेठची, आम्ही तिथं हजेरीवर. कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र म्हणजे जीन. शेडमध्ये असे चोवीस जीन ओळीनं मांडलेले. नव्या मिलांमध्ये प्रत्येक जीनला आपापली मोटर असते. आमची मिल जुनी. शेडच्या खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत एक नाली खणलेली आहे, माणूस कमरेत वाकून चालेल एवढी. तिला आम्ही भुयार म्हणतो. भुयारातून एक लांबच लांब लोखंडी दांडा फिरतो, तो शाफ्ट. शाफ्टवरून पट्टे वर जातात आणि चोवीसच्या चोवीस जीन फिरवतात.

वरून सरकीचा कचरा आणि रुईचा बुरा झिरपत भुयारात पडतो. तो साचला आणि पट्टा घासला की आग. म्हणून दिवसातून दोनदा भुयार झाडायचं, अकराला आणि चारला. आता शाफ्ट थांबवला तर चोवीस जीन थांबतात. तेवढ्या रुईच्या गाठी कमी होतात. म्हणून शाफ्ट थांबवायचा नाही. तो फिरत असतानाच त्याच्या शेजारून वाकून झाडत जायचं. शाफ्ट आणि आपलं डोकं यांच्यात हातभर अंतर. कधी तेवढंही नाही.

वर जीनवर कापूस लावणाऱ्या बाया गावातल्या वेगवेगळ्या गल्ल्यांतल्या. भुयारात उतरणाऱ्या आठ बाया मात्र आमच्या वस्तीतल्या, विहारामागच्या. असा नियम कुठं लिहिलेला नाही. पण वेगळं झालेलं मी कधी बघितलं नाही. एकदा मुकादमाला विचारलं होतं, वरच्या बाया खाली का येत नाहीत? तो बिडी झटकत म्हणाला, "तुमच्या बायांना वाकायची सवय हाय."

त्याला वाटलं, तो खरंच सांगतोय. राग त्याचाच जास्त आला.

मी बारावी झालेली. परभणीला कॉलेजात नाव घालायचं ठरलं होतं. त्याच उन्हाळ्यात बा वारला आणि मी मायसोबत मिलला जायला लागले. मुकादमानं पहिल्याच दिवशी माझं नाव टाकून दिलं. "ए बारावी, खराटा घे." "ए बारावी, तिकडचं ऱ्हायलंय." दोन हंगामांत माझं खरं नाव मिलमध्ये कुणाला आठवत नव्हतं. मलाही हाक आली की आधी बारावी म्हणूनच मान वळायची.

भुयारात उतरताना आमची तयारी अशी: साडीवर घरातल्या गड्याचा जुना शर्ट, पदर आत खोचलेला, डोक्याला घट्ट रुमाल. बुरा केसांत गेला की आठ दिवस निघत नाही. मिलच्या ऑफिसात बारा निळे कोट आणि बारा टोप्या होत्या. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, घडी न मोडलेल्या. तपासणीचे साहेब येणार असले की मुकादम त्या बाहेर काढायचा. साहेब गेले की दारात उभा राहून एकेकीच्या अंगावरून उतरवून घ्यायचा. "लवकर, लवकर. वास लागंल."

आता जे सांगायचंय ते सांगायला जीभ जड होते. पण ते गाळलं तर बाकी सगळं खोटं ठरेल.

या घटनेच्या दोन वर्षं आधी, माझ्या पहिल्याच हंगामात, फॅक्टरी तपासणारे साहेब आले होते. मोठ्या शहरातून गाडी करून. येणार हे मिलमध्ये आदल्या दिवशीच कळलेलं. आम्ही निळे कोट घालून उभ्या होतो. शाफ्ट बंद. भुयाराच्या तोंडाशी नवीन पाटी. साहेबांनी वरूनच भुयारात डोकावलं आणि विचारलं, "झाडताना हा शाफ्ट बंद असतो का?"

मुकादमानं मला पुढं ढकललं. "ही शिकलेली हाय साहेब. हिलाच विचारा."

मी म्हणाले, "हो सर. आम्ही बंद करूनच झाडतो."

अगदी शुद्ध मराठीत. एका काना-मात्रेची चूक नाही. साहेबांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

त्या संध्याकाळी शेठनी मला ऑफिसात बोलावलं. बसायला खुर्ची दिली. चिनीमातीच्या कपातून चहा दिला. आम्हाला बाकी दिवशी चहा मिळायचा तो खिडकीतून, कागदी कपात. शेठ म्हणाले, "हुशार हायेस. अशीच ऱ्हा." माय बाहेर पायरीवर थांबली होती. मी बाहेर आले तेव्हा माझा चेहरा फुललेला होता, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. खुर्चीवर बसायला मिळालं म्हणून मी खूश होते. आठ बायांच्या डोक्यावर ती खुर्ची ठेवलीय, हे तेव्हा दिसलं नाही.

गयामावशी आमच्या शेजारची. मायची जिवाभावाची. पन्नाशीला आली तरी तिची वेणी कमरेखाली जायची, आणि एक केस पांढरा नाही. सुट्टीच्या दिवशी ती अंगणात उन्हाला बसून केस विंचरायची. तासभर. वस्तीतल्या पोरी तिला चिडवायच्या, मावशी, आता कुणाला दाखवायचेत? ती म्हणायची, "मलाच दाखवायलेय. माझं एवढंच तर हाय, जे कुणी दिलेलं न्हाई."

भुयारात ती सगळ्यांच्या पुढं असायची. पट्ट्याचा जोड शाफ्टवरून गेला की फट् असा आवाज होतो. चोवीस पट्टे, चोवीस जोड. त्या आवाजांचा एक ताल असतो आणि आम्ही त्या तालावर पाऊल टाकत पुढं सरकायचो. या हंगामात, डिसेंबरच्या थंडीत, एका सकाळी गयामावशी थांबली.

"पोरी, ह्यो आवाज नवा हाय."

फट् फट्च्या मध्ये एक टक्. दर फेऱ्याला. मी वाकून बघितलं. शाफ्टचे दोन तुकडे जिथं जोडलेत तिथला बोल्ट बोटभर बाहेर आला होता. फिरताना तो दिसत नव्हता, नुसती त्याची सावली दिसत होती.

मी मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, "हंगाम झाल्यावर बघू." दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. तर म्हणाला, "बारावी, शाफ्ट तुझ्या बापाचा हाय का, बंद करायला?" तिसऱ्या दिवशी मी सांगितलं नाही. आम्ही त्या जागेपाशी आलो की अंग चोरून, भिंतीला घासून जायचो. आठ-दहा दिवस असंच चाललं. माणसाला कशाचीही सवय होते, टक्ची पण झाली.

त्या दिवशी चारची झाडणी. पुढं गयामावशी, मध्ये मी, मागं माय. थंडी होती म्हणून मावशीनं रुमाल मोठा बांधला होता, टोकं मोकळी.

किंचाळी आली नाही. आधी ताल चुकला. मग शाफ्टवर काहीतरी काळं गरगर फिरताना दिसलं. मला वाटलं रुमाल आहे. रुमालच होता. त्याच्यात वेणी होती. वेणीबरोबर कपाळापासून मानेपर्यंतची कातडी होती. मावशी भुयाराच्या तळाशी पडली होती आणि तिला काय झालंय हे तिलाच कळलं नव्हतं. ती हातानं डोक्यावर पदर घ्यायला बघत होती.

मी ओरडले. भुयारातलं वर कुणाला ऐकू जात नाही. माय मागं वळली, वर चढली, स्टार्टरकडं धावली. तिला अंगठाछाप म्हणतात, पण लाल बटण कुठलं हे तिला माहीत होतं. तिनं हात पुढं केला आणि मुकादमानं तिचं मनगट धरलं.

"आगं थांब. शेठला इचारल्याबिगर बंद करता येत न्हाई."

एका हातानं त्यानं मायला धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं तो फोन लावत होता, हे मायनं नंतर सांगितलं. फोन लागेपर्यंत शाफ्ट चालू होता. माझ्या डोळ्यांसमोर मावशीची वेणी फिरत होती.

मावशीला आधी परभणीला नेलं, मग नांदेडला. मांडीची कातडी काढून डोक्याला लावली. ती वाचली. मिलच्या वहीत लिहिलं गेलं: अंगणात पाय घसरून पडली. मुकादम आम्हालाच विचारत होता, रुमाल बांधायला कुणी सांगितला होता? चोराच्या उलट्या बोंबा. शाफ्टचा बोल्ट ठोकून आत बसवला आणि दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही सात बाया पुन्हा खाली उतरलो. मीही उतरले. लाज वाटते, पण उतरले.

मग संक्रांत आली.

शेठच्या घरून दर संक्रांतीला मिलमधल्या बायांना वाण येतं. आमच्या घरात संक्रांत नसते, पण वाण सगळ्यांना, नावाच्या यादीप्रमाणं. कधी वाटी, कधी डबी. यंदा फणी होती. चांगली, मोठ्या दातांची, लाल रंगाची, पारदर्शक पिशवीत, सोबत तिळगूळ. यादीत गयामावशीचं नाव होतं. कुणी खोडलं नव्हतं. कुणाला खोडायचं सुचलं नव्हतं. मुकादमानं तिची फणी माझ्याकडं दिली. "तुझ्या शेजारीच ऱ्हाती ना? देऊन टाक."

त्याच्या मनात खोट नव्हती. शेठच्या घरच्या बाईच्या मनातही नसेल. तीस बाया, तीस फण्या. त्यांच्या लेखी आम्ही तीस होतो, एवढंच. कुणाचं डोकं कसं आहे, हे बघायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

मी फणी नेली. द्यायची नाही असं वाटेत ठरवलं होतं. पण मावशीनं हातातली पिशवी बघितली. "वाण हाय का? आण." तिनं पिशवी उघडली. फणी हातात धरली. दातांवरून अंगठा फिरवला, तसा कर्रर्र आवाज झाला. डोक्याला बांधलेल्या पांढऱ्या फडक्यापर्यंत तिचा हात गेला आणि तिथंच थांबला. मग तिनं फणी माझ्या हातात परत दिली.

"तूच घे पोरी. तुला अजून केस हायेत."

मी घरी आले आणि वही काढली. माय चुलीपाशी होती.

"काय लिहायलीस?"

"दरखास्त. तपासणीच्या साहेबाला."

"कामून? आपल्याच पोटावर पाय द्यायलीस का?"

मी लिहीत राहिले. शाफ्ट लिहिला, बोल्ट लिहिला, मावशीचं डोकं लिहिलं, मुकादमानं धरलेलं मायचं मनगट लिहिलं. शेवटी एक ओळ लिहिली आणि ती लिहायला बाकी अर्जापेक्षा जास्त वेळ लागला: 'दोन वर्षांपूर्वी आपण विचारले असता मी आपणाशी खोटे बोलले होते.' सकाळी रजिस्टर पोस्टानं पाठवलं.

साहेब आले ते न सांगता आले. तेच साहेब, केस थोडे पांढरे झालेले. बरोबर अकराला. शाफ्ट चालू, आम्ही भुयारात. कोट कपाटातून काढायला मुकादमाला वेळच मिळाला नाही. साहेब वरून डोकावले नाहीत. पँट दुमडून खाली उतरले आणि आमच्या मागून वाकत वाकत या टोकापासून त्या टोकापर्यंत आले. वर चढले तेव्हा त्यांच्या चष्म्यावर बुरा बसला होता. ते सरळ स्टार्टरच्या पेटीपाशी गेले आणि लाल बटण दाबलं.

कुणाला विचारलं नाही. कुणाला फोन लावला नाही. नुसतं दाबलं.

शाफ्ट मंद झाला आणि थांबला. अशी शांतता मिलमध्ये मी हंगामात कधी ऐकली नव्हती. कानात दडे बसल्यासारखं झालं. मुकादम तोंड उघडं टाकून बघत होता. मला एवढंच वाटत होतं: म्हणजे हे थांबवता येतं. एका बोटानं. त्या दिवशी पण आलं असतं.

साहेबांनी मला विचारलं, "मागच्या वेळी तुम्हीच सांगितलं होतं ना, बंद करून झाडतो म्हणून?"

"हो सर."

"आणि मी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून खाली उतरलो नाही," ते म्हणाले. "ती माझीही चूक."

मुकादम शेजारीच उभा होता. दरखास्त कुणी लिहिली, हे त्याला तेव्हा कळलं.

साहेबांनी कागद लिहिला, शिक्का मारला. चिकटवायला गाठींच्या लेबलची खळ मागून घेतली. कागदाचा मोबाईलवर फोटो काढला, एक प्रत ऑफिसात दिली आणि गेले. कागदात काय आहे ते आम्हाला वाचायला मिळालं नाही. साहेबांची गाडी वळली न वळली तोच मुकादमानं आम्हाला गेटबाहेर काढून शेडला कुलूप लावलं. आमचे मोबाईल तर सकाळीच गेटवर जमा होतात.

तीन दिवस मिल बंद. गावात एकच बोलणं. सरकारनं बायांची हजेरी बुडवली. आणि सरकारला बोलावलं कुणी? बारावीनं. नळावर बायांनी मायला जागा दिली नाही. जिनं मायसोबत भाकरी वाटून खाल्ली होती, तिनंही नाही. माय रिकामी घागर घेऊन परत आली आणि माझ्याकडं न बघता भिंतीकडं तोंड करून झोपली.

चौथ्या दिवशी सकाळी मुकादम वस्तीत आला. सगळ्यांना बोलावलंय. बारावीला पण.

तर असा तो कागद.

मी वरून खाली काढत गेले. पट्टी पट्टी निघत होती. बोटांच्या टोकांतून रक्त यायला लागलं, ते कागदाला लागत होतं. आणि काढायचं म्हणजे बघावं लागतं. बघितलं की वाचलं जातं. चार दिवस जो कागद मला कुणी दाखवला नव्हता, तो शेठनी माझ्या नाकासमोर धरला होता. एक एक ओळ. सावकाश.

पहिल्या ओळी नुसत्या पत्त्याच्या. मग: सदर यंत्रामुळे कामगारांच्या जिवास तात्काळ धोका असल्याचे दिसून आले. ती निघाली. मग: शाफ्टला संरक्षक जाळी बसवून पुन्हा तपासणी होईपर्यंत हे यंत्र चालू करण्यास, तसेच त्याजवळ कोणासही काम करू देण्यास मनाई. तीही निघाली, दोन तुकड्यांत.

मग खालची ओळ आली. मी थांबले. पुन्हा वाचली.

"काय झालं? हात दुखायला का?" शेठ म्हणाले.

मी मोठ्यानं वाचलं. "या आदेशामुळे काम बंद राहिलेल्या सर्व कामगारांना त्या काळातील वेतन देण्याची, तसेच शक्य असल्यास पर्यायी काम देण्याची जबाबदारी कारखाना चालवणाऱ्याची राहील."

"वाचायला न्हाई सांगितलं. काढायला सांगितलंय."

"वाचल्याबिगर निघंना झालाय शेठ," मी म्हणाले. "लय घट्ट चिकटलाय."

भिंतीपाशी कुणी हसलं नाही. मग मायचा आवाज आला. चार दिवसांतला पहिला.

"खालची वळ पुन्हा वाच गं."

मी पुन्हा वाचली. माय म्हणाली, "म्हंजी बसून ऱ्हायलेल्या दिवसाची बी हजेरी?"

"व्हय."

"आमची बी?" हे जीनवरच्या एकीनं विचारलं.

"सगळ्यांची. सर्व लिहिलंय."

शेठ उठले. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, तेच भीतीचं होतं. ते अगदी शांतपणे मुकादमाला म्हणाले, "तो तुकडा काढ आणि चालू कर. कागद गेला, गोष्ट संपली. साहेब काय रोज एवढ्या लांबून येणार हाय का? भुयारवाल्या बायांनो, खाली चला. चार दिवसांचा बुरा साचलाय."

मुकादम पुढं आला. त्यानं उरलेला तुकडा ओरबाडला, तो खाली पडला. त्याचं बोट हिरव्या बटणाकडं गेलं. मी बटणावर हात ठेवला. कसा ठेवला ते मला आठवत नाही. रक्तानं बटण बुळबुळीत झालं होतं. त्यानं माझं मनगट धरलं. तीच पकड. जी मायच्या मनगटावर होती.

तेव्हा माय भिंतीपासून निघाली. घाईनं नाही. भुयार झाडताना टाकते तशी पावलं टाकत आली आणि तिनं माझ्या हातावर तिचा हात ठेवला.

"इचारून चालू कर," ती मुकादमाला म्हणाली. "त्या दिवशी इचारल्याबिगर बंद करता येत नव्हतं ना? मग आता इचारल्याबिगर चालू बी करायचं न्हाई. लाव फोन. साहेबाला लाव."

मुकादमानं शेठकडं बघितलं. शेठनी दुसरीकडं बघितलं. मनगटावरची पकड सैल झाली.

आमच्या वस्तीतल्या बाया येऊन भुयाराच्या तोंडावर बसल्या. खाली पाय सोडून नाही, मांडी घालून. वरच्या बाया आमच्यात येऊन बसल्या असं सांगितलं तर छान वाटेल. त्या आल्या नाहीत. पण त्या जीनवरही चढल्या नाहीत. जिथं होत्या तिथं उभ्या राहिल्या, आणि त्या दिवशी तेवढं पुरलं.

मी खाली पडलेले कागदाचे तुकडे वेचून बाच्या शर्टाच्या खिशात घातले. गेटवर मोबाईल मागितला. एका तुकड्यावर, शिक्क्याच्या शेजारी, नंबर होता. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कागद फाडल्यानं हुकूम फाटत नाही. तो दप्तरात आहे. तुकडे जपून ठेवा, उद्या येतो."

ते आले. जबाब घेतले. पुढं जाळी बसली, शाफ्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. भुयारात एक लाल बटण बसलं, हात पोचेल असं. नवीन नियम लागला की झाडताना शाफ्ट बंद. मग मनाई उठली आणि मिल सुरू झाली. बंद दिवसांची हजेरी बायांना मिळाली, नळावर मायला जागाही मिळाली. निळे कोट अजून कपाटातच आहेत. गयामावशी अजून वहीत अंगणातच घसरून पडलेली आहे. मला कामावर घेतलं नाही. मुकादम म्हणाला, "बारावी, तुझ्यासारख्या शिकलेल्या बाईला भुयारात उतरवणं बरं दिसत न्हाई." माय मात्र जाते. घर चालायला पाहिजे.

मिल आमच्या घरापासून फार लांब नाही. वारा इकडचा असला की शाफ्टची घरघर अंगणात ऐकू येते. अकराला आणि चारला मी हातातलं काम टाकून दारात उभी राहते. घरघर थांबली की खाली माय उतरली असं समजायचं. पुन्हा सुरू झाली की वर आली असं समजायचं.

पहिले पंधरा दिवस घरघर बरोबर अकराला थांबत होती. मग पाच मिनिटं उशिरा थांबायला लागली. परवा थांबली आणि लगेच सुरू झाली, एवढ्या वेळात भुयार अर्धंही झाडून होत नाही. मायला विचारलं तर म्हणाली, "जरा घाई हाय म्हणत्यात, गाठी जायच्यात." तिनं माझी नजर चुकवली. मला ती नजर ओळखता येते. साहेबांशी खोटं बोलले तेव्हा माझी तशीच होती.

नवी दरखास्त लिहून ठेवलीय. खाली सही केलीय, माझ्या खऱ्या नावानं. फक्त तारीख घालायची राहिलीय. कागद उडू नये म्हणून वर गयामावशीची लाल फणी ठेवलीय.

ज्या दिवशी अकराला घरघर थांबणार नाही, त्या दिवशी तारीख घालीन. पण पोस्टानं पाठवून या वेळी वाट बघत बसणार नाही. मिलचं गेट कुठं आहे मला माहीत आहे. पेटी कुठं आहे मला माहीत आहे. आत जाईन आणि लाल बटण मी दाबीन. कुणाला विचारणार नाही.